आमदारांसाठी तांब्याभर पाणी

रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली की माझं डोकं उठायचं. उमेळ्याच्या आमच्या वाडीत माजी आमदार यायचे, तेही न बोलावता. ओट्यावर बाबांच्या शेजारी बसायचे, केळी कशी आहेत, मोगरा कसा आहे विचारायचे आणि काहीच मागायचे नाहीत. काही न मागणाऱ्या पुढाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

हा माणूस मोठा झाला तो घराघरात पाणी पिऊन. प्रचाराला निघाला की ज्या दारात जाईल तिथे पाणी मागायचा. चहा नको, सरबत नको. आमच्याकडे आला तेव्हा विहिरीच्या काठावर उभा राहून तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "काका, इतकं गोड पाणी टँकरने विकू देणार नाही." मीही त्यालाच मत दिलं. निवडून आला, आणि आजूबाजूच्या जागांत बोअर पडल्या, पंप सुरू झाले, टँकरच्या रांगा लागल्या. आमच्या विहिरीत खाडी शिरली. पाणी मचूळ झालं ते झालंच. पुढच्या निवडणुकीत तो पडला, मागे फिरणारे लोक पांगले, पण आमचं पाणी काही परत गोड झालं नाही.

बाबांना हे कळलं नसावं असं मी धरून चालले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, तोंडाला चव नाही. मी त्यांना गपचूप नळाचं पाणी देत होते. त्या विहिरीचा त्यांना केवढा अभिमान! तो कशाला मोडायचा? पण आमदार आले की ते मला हाक मारायचे, "आमदारांना इहिरीचा पानी दे."

मी द्यायचे. आमदार तांब्या तोंडाला लावायचे. बाबा डोळे बारीक करून विचारायचे, "पानी कसा हाय?"

"गोड आहे, काका. अगदी पहिल्यासारखं."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चेहऱ्यावरची रेषही न हलवता असं बोलणारा माणूस म्हाताऱ्याला किती सहज गुंडाळेल! त्याचा मुलगा आता एका बिल्डरचा भागीदार होता. आमच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगी उभ्या होत्या, मध्ये आमची वाडी. वाडी बाबांच्या नावावर, आणि मी लग्न न केलेली मुलगी. बाबांनी सही केली तर मी डोक्यावर कुठलं छप्पर घ्यायचं? ते बोलत बसले की मी उगाच ओट्याच्या खिडकीशी भाजी निवडत बसायचे.

एका रविवारी तो बिल्डरलाच घेऊन आला. मी मनात म्हटलं, आलं पोटातलं ओठावर. बाबांनी हाक मारली तसं मी दोन पेले भरून नेले. आमदारांनी सवयीने पेला संपवला. बिल्डरने एक घोट घेतला आणि ओट्याखाली थुंकला.

"अरे, ये तो खारा है."

बाबांनी आमदारांकडे पाहिलं. "आमदार तर दर आयतवारी गोड बोलतात."

आमदारांनी पेला खाली ठेवला. बिल्डरने जागेचा विषय काढला तेव्हा बाबा आमदारांकडे हात करून म्हणाले, "याने एकदा तरी खारा हाय बोलला असता, तर बसून बोललो असतो." दोघे उठून गेले.

मी पेले उचलायला गेले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या इहिरीवर म्हातारा झालो मी. तुझ्या नळाचा पानी पन वळकतो." एवढं बोलून ते गालात हसले. म्हणजे इतके महिने ते त्याला मुद्दाम ते पाणी पाजत होते, आणि मी त्यांनाच भोळं समजत होते. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला.

पुढच्या रविवारी कडी पुन्हा वाजली. आमदार एकटेच आले होते. स्वतःच पाणी मागितलं. घोट घेतला, तांब्या मांडीवर धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, खारं आहे. माझ्याच काळात झालं."

बाबांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चहा टाक गो. हा आता बसेल."

मी चहा टाकला, पण दूध उतू गेलं तरी कान ओट्यावरच होते. बाबांनी वाडीची किंमत मागच्या रविवारी सांगून टाकली होती, आणि आमदारांनी ती आज चुकती केली होती.