मुक्या सिनेमाचा तास

पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं मुकीबाई. तिच्याइतका तोंडाचा पट्टा अख्ख्या शाळेत कुणाचा चालत नव्हता, तरी नाव मुकीबाईच! त्याला कारण तिची रीत. नववीला भूगोल शिकवताना ती माहितीपट दाखवायची, तुटलेल्या जंगलांचे, प्लास्टिक खाऊन मेलेल्या माशांचे, आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. "मागून गोड गळ्यानं बोलणारा तो माणूस गप्प बसू दे," ती म्हणायची. "तुम्हाला काय दिसतं ते सांगा." मग दुसऱ्यांदा आवाज लावायचा आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं. सुरुवातीला पोरं ढिम्म बसायची. डोकेफोड करून करून तिनं त्यांना बोलतं केलं होतं.

वर्गाच्या मागच्या खिडक्या बाराही महिने बंद. खाली नदीला मिळणारा नाला, आणि नाल्यात कापड रंगवण्याच्या कारखान्याचं पाणी. वास असा मारायचा की घास घशाखाली उतरू नये. सिनेमाला अंधार लागतो म्हणून तिनंही त्या खिडक्या कधी उघडल्या नव्हत्या.

एक दिवस मोठ्या सरांनी तिला बोलावलं. आपण नदी कशी साफ राखतो यावर कारखान्यानं फिल्म काढली होती, ती वर्गाला दाखवायची होती. कारखान्याचे साहेब जातीनं येणार होते.

"प्रोजेक्टर त्यांनीच दिलाय, बाई. तोंड तेवढं आवरा."

"मी चकार शब्द काढणार नाही, सर."

आणि नाहीच काढला. साहेब पुढच्या बाकावर बसले, पडद्यावर नितळ नदी आली, आणि बाईंचा हात सवयीनं आवाजाच्या बटणाकडं गेला. झालं! आवाज बंद. यंत्र बिघडलं असं समजून मोठे सर वायरी ओढत बसले, आणि पोरांना वाटलं, नेहमीचा तास सुरू झाला.

मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. एरवी वर्गात असून नसल्यासारखी. "बाई, ही जागा दगडी पुलाजवळची. आम्ही तिथं पोहतो. कारखाना तर पुलाच्या खालच्या अंगाला आहे, नदी वाहत जाते तिकडं. त्याचं पाणी तिथं पोचतच नाही. तिथं नदी साफच असणार ना!"

वर्गात खसखस पिकली. साहेब घड्याळ बघत उठले.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर गेला, सिनेमाचा तास बंद झाला. "खाल्ल्या मिठाला तरी जागा," मोठे सर म्हणाले. ते तिनं गिळलं. पण त्यांनी त्या पोरीला ऑफिसात उभं केलं आणि साहेबांना फोन लावून माफी मागायला लावली, हे कळलं तेव्हा तिच्या अंगाची लाही लाही झाली. खरं बोलल्याबद्दल माफी? चौदा वर्षांच्या पोरीनं?

घरी नवरा म्हणाला, "अगं, नाकासमोर चालायला काय घेशील?"

"नाकासमोरच चालतेय! नाकासमोर नाला आहे, त्याला मी काय करू?"

आठवडा झाला. पोरगी मान वर करेना. विचारलं तरी "माहीत नाही, बाई." एवढ्या कष्टानं उघडलेलं तोंड एका फोननं शिवून टाकलं होतं. हे काही तिच्यानं बघवेना.

सोमवारी तास सुरू झाला तशी मुकीबाई तडक मागं गेली आणि खिडकीची गंजलेली कडी हातानं हलेना तेव्हा डस्टरनं ठोकून पाडली. एकामागून एक साऱ्या खिडक्या उघडल्या. भपकारा आत आला. पोरांनी नाकं दाबली.

"या सगळे इकडं. आज हाच सिनेमा. काय दिसतं?"

पोरगी खिडकीशी येऊन खाली बघत राहिली.

"पाणी जांभळं आहे," ती हळूच म्हणाली. "वर फेस आहे. पाइप कारखान्याच्या भिंतीतून आलाय."

वास व्हरांड्यातून ऑफिसापर्यंत पोचला असावा. मोठे सर नाकाला रुमाल लावून दारात आले. "बाई! बंद करा ते आधी!"

पोरगी खिडकीपासून मागं सरली. तिनं बाईंकडं पाहिलं.

बाईंनी सरांकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "पुढं सांग," बाई पोरीला म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. सरांना दारातून दिसत नाहीये."