छपराचा कडबा

रविवारी आम्ही बीडची मित्रमंडळी नांदूरघाटकडच्या एका मित्राच्या शेतावर फिरायला जायचो. शेजारच्या छपरातला म्हातारा आमच्याशी फारसा बोलत नसे. आपल्या चार मेंढ्यांना मात्र ‘अगं अक्का’, ‘अगं बाई’ म्हणत दिवसभर समजावत असे. दुष्काळात गावच्या सोसायटीनं चारा छावणी उघडली. तो मेंढ्या घेऊन गेला, तर चेअरमननं “इथं फक्त गाई-बैलं” म्हणून त्याला परत पाठवलं.

पुढच्या रविवारी तो स्वतःच्या छपराचा कडबा उपसून मेंढ्यांना घालत होता.

“बाबा, उन्हात कसं राहाल?” मी विचारलं.

“राहीन की. काल चेअरमनचा माणूस आलता, पाव्हण्यांसाठी मेंढरू मागत. न्हाई दिलं. चारायला चालंना, खायाला चालतंय व्हय?”

मागं आमच्या चुलीवर मटण शिजत होतं.