एका मुक्कामासाठी परवाना

जळगाव जामोदच्या कापूसबाजारात कडूबाची काठी सगळ्यांना ठाऊक होती, कडूबा फार थोड्यांना. लोक जागे असत तेव्हा तो निजलेला असे, आणि तो जागा असे तेव्हा लोक घोरत असत. वामनराव शेटजींच्या सरकी काढायच्या जिनापासून निघायचं, कापसाच्या गंज्यांना वळसा घालायचा, दुकानांच्या कड्या हलवून पाहायच्या आणि काठी आपटत परत जिनापाशी यायचं, हे त्याचं काम. काठी वाजली की घराघरातल्या बायका कूस बदलून म्हणत, "गेला कडूबा," आणि पुन्हा डोळे मिटत. एवढ्या बायकांना निवांत झोप देणाऱ्या माणसाची स्वतःची बायको मात्र माहेरी जाऊन बसली होती. त्यावर बाजारात जे बोललं जायचं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडं लिहू.

आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईनं ह्याचं नाव कडू ठेवलं होतं. काळानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं, असा हिशेब. काळानं ह्याला थुंकलं आणि नंतर सावकाश आईबापांना नेलं. घरात एकटा कडूबा राहिला. पुढे वामनरावांनीच मध्ये पडून पूर्णेकाठच्या पिंपरखेडची झुंबर त्याला करून दिली. पोरगी हसरी, जिभेनं तिखट. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर म्हणाली, "पह्यले त्यायले जागं करा." नवरदेव खरोखरच बाशिंग बांधून पेंगत होता.

संसार कसा चालला म्हणाल तर असा. पहाटे कडूबा घरी यायचा, तेव्हा झुंबर जात्यावर बसलेली. ज्वारीच्या घरघरीत त्याचा डोळा लागायचा. दुपार कलल्यावर उठावं तर ती कापूस वेचायला गेलेली. ती परत यायची दिवेलागणीला, आणि दिवेलागणीला हा निघायचा. दोघांची गाठ पडायची ती उंबऱ्यात. ती भाकरीचं फडकं हातात द्यायची आणि नेमक्या त्याच वेळी कडूबाला चपला सापडत नसत. रोज. तो खाटेखाली पाही, चुलीमागे पाही, चुलीमागे कोणी चपला ठेवतं का, पण पाही. चपला कुठे आहेत हे झुंबरला रोज ठाऊक असे आणि ती रोज सांगत नसे. त्या शोधाशोधीत जेवढा वेळ जाई तेवढा त्यांचा संसार.

दुसऱ्या वर्षी आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, भाऊ येऊन झुंबरला माहेरी घेऊन गेला. आखाजीला लेकी जातातच, आणि सण झाला की परत येतात. झुंबर आली नाही. बाजारानं लगेच ताडलं, की पोरगी रुसली. कोणी म्हणालं, सासुरवाडीनं दागिन्यावरून अडवली. एका शहाण्यानं तर कडूबाच्या अंगात दोष काढला आणि तो कोणता ते कानात सांगितलं. खरी गोष्ट फार साधी होती, म्हणून कोणाला सुचली नाही.

पिंपरखेडच्या त्या घरात एक रीत होती. लेकीला न्यायला जो मुऱ्हाळी येईल त्यानं एक रात मुक्काम करायचा, घरच्या वाकळीवर निजायचं आणि सकाळी लेक न्यायची. आल्या पावली लेक धाडायची नाही. कधी काळी त्यांची एक आत्या अशी आल्या पावली धाडली आणि गाडी पूर्णेत कलंडली. गाडीवान मोहाची पिऊन होता हे साऱ्या गावाला ठाऊक. पण दारूवरची बंदी कोणाला सोसली नसती, म्हणून बंदी आल्या पावली जाण्यावर आली.

कडूबा तर रोजचा रातपहारेकरी. पहाटे काठी टेकवून तो तसाच निघायचा, अर्धा दिवस चालून पिंपरखेडला पोचायचा, आणि सासू सोजराबाई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची,

"जवाईबापू, हातपाय धुवा, जेवा, रात काढा. सकाळी लेक तुमची."

"मामी, रातचं मले जमत नाही. बजार उघडा पडते."

"मंग आमालेबी जमत नाही."

सासरा खांबाला टेकून तंबाखू मळत बसायचा. त्याला ह्या घरात तंबाखूपुरतंच मत होतं.

दाराआड झुंबरचं गाठोडं अर्धं बांधलेलं असे. कडूबा जेवून निघाला की ती विहिरीवर जायचं निमित्त काढून निंबाखाली उभी राहायची. बोलायचं खूप असे, आणि गाव सगळं ओट्यावर बसलेलं. ती एवढंच विचारायची, "चपला सापडतात काय आता?"

"सापडतात," कडूबा म्हणायचा. "लगेच सापडतात."

आणि दिवेलागणीच्या आत जळगाव गाठायला तरातरा चालू लागायचा.

एकदा त्यानं युक्ती केली. चुलतभाऊ रंगरावाला आपलं पागोटं, भाला आणि काठी देऊन एका रातीसाठी उभा केला. रंगराव पहिल्याच फेरीत शिपायांच्या हाती लागला. अनोळखी माणूस, हातात भाला, दुकानाच्या कडीला हात. शिपायांनी त्याला रातभर चावडीवर डांबला. इकडे कडूबा पूर्णेपर्यंतही पोचला नव्हता. मागून माणूस धावत आला आणि त्याला परत घेऊन गेला. "तुह्या बायकोच्या पायी मी चोर झालो बे," असं रंगराव पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत होता, आणि ज्याला त्याला ते ऐकायला आवडत होतं.

तेव्हा वामनराव म्हणाले, "कडू, एकट्यानं कुठवर फिरशीन? परवाना काढ. आपली गस्त उभी कर. माणसं ठेव, त्यायच्या छातीवर बिल्ले लाव. बिल्ला असला का शिपाई हात लावत नाही. सारी पेठ तुले काम देईन. मालक होशीन लेका."

मालक वगैरे कडूबाच्या कानात शिरलंच नाही. बिल्ला असला की दुसरा माणूस रात काढू शकतो, एवढंच शिरलं. तो त्याच दुपारी, झोप सोडून, कचेरीपुढच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेला.

"परवाना कशाकरता पाहिजे?" लेखणी बुडवत त्यानं विचारलं.

"लिहा का सासुरवाडीले मुक्काम करायचा हाय."

अर्ज लिहिणाऱ्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि 'बाजारपेठेच्या संरक्षणार्थ' असं लिहिलं.

अर्ज गेला. आता अर्जदाराच्या चालचलणुकीची चौकशी. ती आली जमादार महादेवरावांकडे. ह्या गृहस्थांची एक ख्याती होती. ज्या गावात वांग्याचं भरीत चांगलं होतं त्या गावात त्यांची हमखास चौकशी निघे. कडूबाच्या घरी बाईमाणूस नाही हे पाहून ते शेजाऱ्यांना म्हणाले, "नवऱ्याची चालचलणूक बायकोइतकी कोणाले ठाऊक? बायको कुठी हाय?"

"पिंपरखेडले."

पिंपरखेडची वांगी महादेवरावांना ठाऊक होती. ते घोड्यावर बसले.

आता सोजराबाईच्या अंगणात काय झालं ते समजून घ्या. पोलीस दारात. सारं गाव कुडाशी. झुंबर पदर घेऊन उभी. महादेवरावांनी खाकरून विचारलं, "काय व बाई, तुहा नवरा रातचा कुठी असते?"

पोलिसानं असं विचारलं म्हणजे काय समजायचं? कुठेतरी घर फुटलं, आणि नाव नवऱ्यावर आलं. घरंदाज बाई दुसरं काय सांगणार? झुंबर म्हणाली, "घरी."

"रोज?"

"रोज. दिवा लागला का घरी. उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाहीत."

सोजराबाईनं री ओढली, "आमचे जवाई तसे नाहीत साहेब. अंधार पडला का त्यायले आंगणातबी जायची भीती." सासऱ्यानं तंबाखू थुंकून मान हलवली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शपथा घेतल्या. जावयाची लाज ती गावाची लाज. महादेवराव भरीत जेवले आणि ऐकलं तसं कळवून मोकळे झाले.

तहसीलदारसाहेब नवे होते, नागपूरकडून बदलून आलेले. त्यांनी कडूबाला समोर उभं केलं.

"तू रात्री पेठेत पहारा देतोस?"

"जी."

"तुझी बायको सांगते, तू रोज रात्री घरी असतोस. अंधाराला भितोस, असं सासू म्हणते." कचेरीत खसखस पिकली. "दोघांपैकी एक खोटं बोलतं. व्यापारी तुझ्या बाजूनं आहेत, मला अडचण नाही. बायको खोटं बोलली एवढं सांग, मी सही करतो."

कडूबानं पागोटं सारखं केलं. एक शब्द, आणि परवाना. परवाना म्हणजे बिल्ला, बिल्ला म्हणजे एक रात, आणि एक रात म्हणजे झुंबर. पण तो शब्द सरकारी कचेरीत, चारचौघांत बोलायचा, की माझी बायको लबाड.

"बोल ना."

"बायको लबाड नाही साहेब."

"मग तू लबाड?"

"तसं लिहून घ्या."

साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. कडूबा त्या दिवशी घरी जाऊन आडवा झाला, पण झोप आली नाही. जातं कोपऱ्यात गप्प होतं. घरघर नसली की त्याला झोप कमीच यायची, त्या दिवशी मुळीच आली नाही. दिवेलागणीला उठला तर चपला पुढ्यातच होत्या.

पण कचेरीतली गोष्ट कचेरीत राहील तर ते जळगाव कसलं. आठवडी बाजाराला पिंपरखेडच्या बाया मिरच्या घेऊन आल्या आणि परत जाताना हीच गोष्ट घेऊन गेल्या. वाटेत तिला थोडं तिखटमीठ लागलं. पिंपरखेडला पोचेस्तोवर कडूबा साहेबापुढे ढसढसा रडला होता. झुंबरनं सगळं ऐकलं, जातं थांबवलं आणि बापाला म्हणाली, "गाडी जुंपा."

सोजराबाई आडवी आली. "मुक्काम झाला नाही. नांदायले जाता येत नाही तुले."

"नांदायले कोण जाऊन राह्यलं? सायबाकडे जाऊन राह्यली मी."

बाप तंबाखू मळायचा थांबला आणि बैल सोडायला उठला. लग्नानंतर त्यानं बायकोचा मोडलेला हा पहिला शब्द, असं म्हणतात.

कचेरीत झुंबर पदर कपाळापर्यंत ओढून उभी राहिली. कडूबाला बोलावून आणलं होतं. तो दुसऱ्या टोकाला, भिंतीशी.

"पुन्हा विचारतो, बाई," साहेब म्हणाले. "नवरा रात्री घरी असतो?"

"नाही."

"मग आधी असतो म्हणालात ते?"

"ते मनातलं सांगितलं साहेब." कचेरीतले कारकून हसायच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. "लगन झाल्यापासून एक रात ते घरी नाहीत. पाऊस असला तरी नाही, आंगात ताप असला तरी नाही. दिवाळीले सारं गाव घरी असते, हे बजारात. त्यायच्या काठीचा आवाज दुरून आयकून मी झोपत होती. आता तोबी आयकू येत नाही. याच्यावर शपथ पाहिजे असन तर घ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नवऱ्याविरुद्धची गाऱ्हाणी त्यांनी पुष्कळ ऐकली होती. गाऱ्हाणं ऐकून नवऱ्याला परवाना द्यायची वेळ पहिलीच. त्यांनी सही केली.

बाहेर गाडी उभी होती. कचेरीपासून कडूबाचं घर एका गल्लीवर. गाडीच्या दांडीला हात लावून तो हळूच म्हणाला, "चाल ना घरी. अठीच तर हाय."

"मुक्काम नाही झाला."

"हे गल्ली ओलांडली का..."

"मायले जबान देऊन आली." तिनं गल्लीकडे पाहिलं. "तुळशीले पाणी घालता काय?"

"घालतो."

"रोज?"

"दिसाआड."

"रोज घालत जा," ती म्हणाली, आणि गाडी हलली. गाडी वेशीपार दिसेनाशी होईतो कडूबा परवाना हातात धरून उभा होता. लोकांना वाटलं, कागद वाळवतोय.

बिल्ले शेगावच्या तांबटाकडून घडवून आणले. माणसं उभी केली. रंगरावानं पहिला बिल्ला मागून घेतला आणि त्याच चावडीपुढून छाती काढून मुद्दाम फिरून आला. मग एका दिवशी दुपारी कडूबानं काठी त्याच्या हाती दिली, नवं धोतर नेसलं आणि चालू लागला. पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती. पिंपरखेडला तो दिवेलागणीला पोचला. आजवर दिवेलागण म्हणजे निघायची वेळ. दारात उभं राहून त्याला क्षणभर कळेना, आत जायचं की परत फिरायचं.

सोजराबाईनं ओवाळलं, भरीत-भाकरी वाढली, ओसरीवर खाट टाकली आणि वर नवी वाकळ घडी करून ठेवली. "निजा आता, जवाईबापू."

सकाळी ती उठून पाहते तर खाटेवर वाकळ तशीच, घडी न मोडलेली. जावई अंगणात तोंड धूत होते, आणि पिंपरखेडची माणसं एकमेकांना सांगत होती की रातभर कोणीतरी घराघराच्या कड्या हलवून पाहत होतं, पण भीती अशी वाटली नाही.

सोजराबाईनं कमरेवर हात ठेवला. "वाकळीची घडी मोडली नाही. रितीत निजायचं सांगतलं हाय, फिरायचं नाही. हा मुक्काम धरता येत नाही."

कडूबाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. एवढी वर्षं रातीला जागलेला माणूस, रात चालून आली तर त्याला निजताच आलं नव्हतं.

झुंबर आतून आली. गाठोडं पुरतं बांधलेलं, काखेत. दुसऱ्या हातावर तिची स्वतःची वाकळ. तिचीही घडी मोडलेली नव्हती. ती तिनं आईच्या हातात ठेवली.

सोजराबाईनं वाकळीकडे पाहिलं, लेकीच्या पायांकडे पाहिलं. पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले, पार नदीवरच्या पांढऱ्या मातीनं. आत जाऊन लेकीच्या ओटीचे तांदूळ घेऊन आली.

ओटी भरून झाली, सासरा गाडी जुंपून थांबला, आणि कडूबा खाटेखाली वाकून पाहू लागला. मग ओसरीच्या कोपऱ्यात. मग चुलीमागे.

झुंबर उंबऱ्यात उभी होती. तिनं सांगितलं नाही.