टर्बोचा धूर

"ही गाडी भंगारात द्या," असं बाबा तिसऱ्यांदा बोलले तवा माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "गाडी कुठंच जाणार नाही बाबा. दसऱ्याले तुम्ही याच गाडीनं नागपूरले जाल, आणि चालवाल बी तुम्हीच." बाबा पेपर उचलून बसले. वाचून राहिले नव्हते, एवढं मले समजते.

बाबा भिलाईच्या प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झाले आणि त्याच वर्षी ही जुनी डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. दर दसऱ्याले दीक्षाभूमीवर जायचं हे ठरलेलं. आधी रेल्वेनं धक्के खात जायचो, मंग गाडीनं जाऊ लागलो. पांढरा कडक शर्ट घालून बाबा स्टिअरिंगवर बसले का आई मागून म्हणायची, "हळू वो, हळू," आणि बाबा मुद्दाम रेस दाबायचे.

मागच्या दसऱ्याले राजनांदगाव सोडलं आणि गाडीनं असा निळा धूर सोडला का मागचा ट्रक दिसेना. पंधरा-वीस किलोमीटरही पुढे गेलो नसू. परत फिरलो. आईनं डब्यातली पुरणपोळी घरी येऊन ताटात वाढली, कोणी खाल्ली नाही. त्या दिवसापासून बाबांनी गाडीच्या चावीले हात लावला नाही. गाडीच नाही, घरातलं काहीच नाही. कूलरची मोटर बंद पडली, पडू दिली. मिक्सर बिघडला, बिघडू दिला. ज्या माणसानं तीस वर्षं पाना हातातून सोडला नाही तो म्हणे, "आता माझ्या हातात काही राहिलं नाही." हे मले सहन होत नव्हतं. गाडी गेली चुलीत, मले माझे बाबा परत पाहिजे होते.

दोष कोणाचा हे मी तवाच ठरवून टाकलं होतं. दसऱ्याच्या महिनाभर आधी गाडी ओढेनाशी झाली म्हणून सुपेल्याच्या बाजारातल्या एका मिस्त्रीनं टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, खोलून दुरुस्त केला होता. मी सरळ त्याच्या दुकानावर गेली. शाळेत पोरांवर ओरडायची सवय, आवाज काय कमी असते? अर्ध्या बाजारानं ऐकलं. तो बिचारा काहीतरी सांगून राहिला होता, मी सांगू दिलं तर ना! मंग गाडी दुसऱ्या दोघांकडे नेली. त्यांनी जे करून ठेवलं ते सांगण्यासारखं नाही. धूर तर गेलाच नाही, वरून ताकदही गेली.

शेवटी मैत्रिणीले फोन केला. शाळेपासूनची मैत्रीण, प्लांटमध्ये मेंटेनन्सले आहे, घराएवढे हवा फेकणारे ब्लोअर खोलते. ती हसली. "तुझ्या गाडीतला टर्बो म्हणजे आमच्या ब्लोअरचं लेकरू. येते मी, पण माझ्या हिशोबानं काम होईन. घाई केली तर पाने घेऊन वापस जाईन."

तिच्या चार साप्ताहिक सुट्या आम्ही रुआबांध्याच्या आमच्या अंगणात घालवल्या. आधी ती बॅटरीची वायर काढायची, मंग स्टिअरिंगले दोरीनं पुठ्ठा टांगायची, 'काम चालू, सुरू करू नये.' मी म्हटलं, "अगं, आपण दोघीच तर आहोत." ती म्हणे, "बोटं बी दहाच आहेत." निघालेला एकेक बोल्ट जुन्या चादरीवर ओळीनं मांडायचा. मी एक उचलून दुसरीकडे ठेवला तर माझ्या हातावर चापट बसली.

पहिल्या दिवशी टर्बोची एक बारीक नळी निघाली. पाहतो तर काय, दवाखान्यातली सलाईनची नळी! गरम होऊन मऊ पडलेली. "अवो माय, सलाईन लावून ठेवली गाडीले!" मैत्रीण पोट धरून हसली. मले हसू आलं नाही. दुसऱ्या सुटीत हवेचा मोठा पाइप निघाला. तिथं कोणीतरी साधा पाण्याचा पाइप बसवून तारेनं आवळला होता, जोर आला का फुगायचा. दोन्ही बदलल्यावर गाडी ओढू लागली. धूर मात्र तसाच. तिसरी सुटी शोधण्यातच गेली. मी टायरले लात मारली. ती खालूनच बोलली, "मारून झाली असन तर तेरा नंबरचा पाना दे." मी तेरा नंबर दिला. हार मानायची नाही हे तर ठरलंच होतं.

चौथ्या सुटीत ती टर्बोच्या खालच्या पाइपावर आली. टर्बोत तेल वरून येते आणि या पाइपातून आपल्याआप खाली पडते, एवढंच त्याचं काम. दोन बोल्ट काढले, पाइप हातात आला. तिनं आत बोट घातलं आणि लाल रबरासारखा गोळा ओढून काढला. काडी जाईन एवढीच वाट राहिली होती. "हे घे," ती म्हणे. "तेलाले खाली जायले जागा नाही, मंग ते बाजूनं घुसून जळून राहिलं होतं. टर्बो चांगला आहे."

मी मिस्त्रीले शिवी द्यायले तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तो गळती बुजवायचा लाल मसाला मले ओळखीचा होता. कूलरच्या टाकीले तोच, मोटरच्या पाइपाले तोच. दुप्पट जाड थापायचा आणि अंगठ्यानं एका बाजूले दाबत न्यायचा. असं आमच्या घरात एकच माणूस करते.

मैत्रिणीनंही ओळखलं. हळूच बोलली, "हे प्लांटवाल्याचं काम आहे. आम्ही असाच थापतो. तिथल्या पाइपात माणूस शिरते, थोडा मसाला आत आला तर काय बिघडते? हा बोटभर पाइप." मंग म्हणे, "काकाले बोलाव. आमच्याकडे ज्यानं जोडलं त्याच्यासमोरच दाखवतात. बोलायले नाही, पाहायले."

"नाही," मी म्हटलं. "त्यांना हे कळलं तर उरलासुरला पानाही सोडतील. मिस्त्रीचं नाव घेईन मी." अंगणात आम्ही कुजबुजत भांडलो. ती म्हणे खोटं आहे, मी म्हटलं असू दे. शेवटी तिनं नवीन पातळ पॅकिंग बसवली, मसाल्याचा टिपूस न लावता. गाडी सुरू केली. जुनं तेल जळेपर्यंत धूर आला, मंग पातळ झाला, मंग बंदच. तिनं रेस दाबून पाहिली. काही नाही. मले रडू फुटलं.

आवाज ऐकून बाबा बाहेर आले. सायलेन्सरकडे पाहत उभे राहिले. "काय निघालं?"

"त्या सुपेल्यावाल्यानं घाण करून ठेवली होती," मी म्हटलं. गोळा माझ्या मुठीत होता.

"लाल आहे ना?" बाबा म्हणे.

मैत्रिणीनं इंजिन बंद केलं. मी मूठ उघडली नाही.

"टर्बो बसवून आणला तवा खाली तेलाचे दोन थेंब पडले होते. तू शाळेत गेली होती. मले दोन थेंब पाहवले नाही, खोलून मसाला लावला. राजनांदगावलेच मनात आलं होतं, का हे माझ्याच हातचं आहे. खोलून पाहायची हिम्मत नाही झाली." त्यांनी बॉनेटवर हात टेकवला. "काम चुकते बाई, माणसाचं चुकते. पण तू त्या माणसाले भर बाजारात बोलून आली, घरी येऊन मले सांगितलं, आणि मी चूप बसलो. वर्षभर चूप बसलो."

इतकी चिडखोर मी, आणि चिडायले कोणी उरलंच नव्हतं. मी ज्याले हात थकले समजून राहिली होती ते वेगळंच काही होतं. मूठ उघडली. त्यांनी तो गोळा उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"चल सुपेल्याले. माझं मी सांगतो त्याले. तुझं तू सांगशील."

त्यांनी चावी मागितली. मी दिली आणि निमूट बाजूले जाऊन बसली. गाडी कशी ओढून राहिली होती, धूर येते का नाही, काही पाहिलं नाही. सुपेला येईपर्यंत मी तोंडातल्या तोंडात माफीचे शब्द जुळवून राहिली होती.