पिसाची माशी आणि देवकते सरांचा खांदा

देवकते सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या मैदानावर. वडवणीच्या आमच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो आणि रविवारी भाड्याची खोली शोधत फिरत होतो. मैदानाच्या मधोमध एक दणकट गृहस्थ उभे होते. हातात लवचिक काठी, आणि काठीच्या टोकाला असलेला लांबलचक पिवळा दोर ते हवेत मागे-पुढे भिरकावत होते. जवळपास पाण्याचा पत्ता नाही. त्या वर्षी गावाला प्यायचं पाणीच टँकरनं यायचं. मी विचारलं, हा पी.टी.चा नवा प्रकार आहे का? तर म्हणाले, मासे धरायचा सराव चाललाय. मी गुमान इकडं-तिकडं पाहिलं. माझ्या मनातलं ओळखून सर न हसता म्हणाले, "तलाव भरंल तवा भरंल. हात तयार पाहिजे का न्हाई?"

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहा, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या समितीनं मला कळवलं, आणि लेख प्रसन्न असावा असंही बजावलं. समितीतली सगळी माझ्याच हाताखालून गेलेली पोरं आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो, प्रसन्न वगैरे मला जमणार नाही. सरांची आजची अवस्था मी रोज डोळ्यांनी पाहतो. तुम्ही हारतुऱ्याच्या दिवशी पाहाल.

सरांना हा नाद हिमाचलात लागला. स्काउटचं शिबिर घेऊन गेले होते, तिथं नदीवर एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना ही विद्या शिकवली आणि निघताना आपली जुनी काठी देऊन टाकली. यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला कोंबडीचं पीस दोऱ्यानं असं गुंडाळायचं की पाण्यावर ती माशीच वाटावी. वजन असतं ते दोराला, माशीला नाही. म्हणून दोर आधी मागे पूर्ण उलगडू द्यायचा आणि मग पुढे सोडायचा, की माशी अलगद पाण्यावर उतरते. तलावाच्या भिंतीवर म्हशी घेऊन बसणारी मंडळी आधी पोट धरून हसली. पिसावर कुठं मासा येतो का? आणि चिलापी आली, एकदा तर चांगला हातभर मरळ आला, तेव्हा तीच मंडळी सरांसाठी जागा धरून ठेवू लागली.

शाळेत सर व्यायाम शिक्षक. खो-खोचा मुलींचा संघ त्यांनी उभा केला तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली होती. मुलींनी उघड्या पायांनी मैदानात पळायचं म्हणजे काय! सरांनी वाद घातला नाही. घरोघर गेले, चहा प्यायले, आणि पुढच्या आठवड्यात मालनवहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, घरच्या मशिनवर शिवलेल्या पायघोळ विजारी घेऊन पुन्हा घरोघर गेले. त्यातल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले होते, आता नाही म्हणायला कारणच उरलं न्हाई, बाईनं रात्रंदिस शिवलंय. सरांची कामाची रीत ही अशी होती. ते कुणाला हरवत नसत, फक्त समोरच्याची अडचण काढून घेत.

वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे सरांनी धरलेला मासा आजवर कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलेला नाही. ते गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून सपाट करतात, म्हणजे गळ सहज निघतो, आणि मासा आला की हात ओले करून त्याला धरतात आणि सोडून देतात. सोडायचाच तर धरायचा कशाला, हा प्रश्न त्यांना जन्मभर सगळ्यांनी विचारला. मीही विचारला. त्यावर ते पुढची माशी बांधायला घ्यायचे. कोंबडीची पिसंही घरात चालत नसल्यामुळे सर माशा बांधायला माझ्या ओसरीवर यायचे. माझ्या घरात कित्येक वर्षं पिसं उडत होती.

माझी पत्नी गेली तेव्हाची गोष्ट. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि घर असं काही खायला उठलं की मी दार उघडं टाकून बाहेरच बसून होतो. सर आले. मला मोटारसायकलवर बसवून पाझर तलावावर नेलं, काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागं दगडावर बसले. दिवसभर माझा दोर बाभळीत अडकत होता आणि ते उठून सोडवत होते. संध्याकाळी परत आणून सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले. असे किती दिवस आले ते मला आठवत नाही. मी जगलो ते त्यांच्यामुळे, हे इथं लिहून ठेवतो.

आता खांद्याचं सांगतो, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. तरुणपणी कबड्डीत सरांचा उजवा खांदा निखळला होता. तो कुणीतरी ओढून बसवला, आणि बसला तो असा की पुढं हात डोक्यावर गेलाच नाही. मग मोटारसायकल खड्ड्यात गेली आणि गुडघा गेला. मग मान धरली. दुसऱ्या कुणी काठी माळ्यावर टाकली असती. सरांनी काय केलं, तर कोपर वर जाऊच नये म्हणून पंच्यानं ते बरगडीला बांधून घेतलं आणि नुसत्या कोपरापुढच्या हातानं दोर फेकायला शिकले. दोर पूर्वीच्या निम्म्यावर जायचा. सर म्हणायचे, मासेच जरा अलीकडं येतील. बांधलेला हात घेऊन पाण्यात पोटरीभर उभे असलेले सर ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी वेगळं काय सांगू?

गेल्या वर्षी ते तलावाच्या भिंतीवरून दगडांवर पडले. उजव्या खांद्यातला स्नायूच फाटला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हे वय आणि ही साखर बघता शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. सरांनी मुकाट्यानं डावा हात तयार करायला घेतला. चार महिने अंगणात दोर फेकत होते. डावा हात जरा वळणावर येतोय तोच मानेच्या नसेनं घात केला आणि त्या हाताची बोटं बधिर झाली. गाठ बसेना. शर्टाचं बटण लागेना. आमच्या वयात एक दुखणं बरं व्हायच्या आत दुसरं दारात उभं राहतं, हे मला ठाऊक आहे. पण या माणसाच्या बाबतीत ते फार निर्दयपणे झालं.

त्यात भर घातली ती प्रेमानं. सरांचा जुना विद्यार्थी बालाजी घाटनांदूरला शेती करतो. त्याचं शेततळं आहे आणि त्यात त्यानं मासे सोडलेत. सरांना लांब फेकता येत नाही हे कळल्यावर तो स्वतः गाडी घेऊन आला आणि आम्हा दोघांना घेऊन गेला. काठावर खुर्ची टाकलेली, वर छत्री बांधलेली. सरांनी दोर जेमतेम पायापाशी टाकला आणि माशी पाण्याला टेकायच्या आत माशांची झुंबड उडाली. एक लागला, सोडला, लगेच दुसरा. बालाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सर मात्र पाण्याकडं बघत राहिले, आणि त्यांनी हळूच विचारलं, यांना खायला कधी घातलं होतं? बालाजी बिचारा सरळ मनाचा, तो खरं बोलून गेला. सरांना मासे लागावेत म्हणून त्यानं परवापासून खाद्यच टाकलं नव्हतं.

सर त्याच्यावर रागावले नाहीत. खाद्याचं पोतं आणायला लावलं, बधिर हातानं खाद्य स्वतः पाण्यात टाकलं, आणि मासे खाईपर्यंत खुर्चीत बसून राहिले. जेवताना बालाजीच्या आईच्या हातच्या भाकरीचं कौतुकही केलं. परतीच्या वाटेवर मात्र काठी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "ठिवा तुमच्याकडं. माझ्यासाठी मुक्या जिवाला उपाशी ठेवायची पाळी आली, मंजी संपलं."

त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. मी रोज जायचो. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मी समितीचा निरोप दिला तेव्हा म्हणाले, "चित्रकार, शाल घालतील ती घालून घेतो. नारळ देतील, घेतो. पण शंभर वर्षं जगा म्हणून माझ्या तोंडावर म्हणू नका. घास दुसऱ्यानं भरवायचा आन बटन दुसऱ्यानं लावायचं, असं जगून करू काय?" धीराचे शब्द आम्ही शिक्षक मंडळी पोरांना फार वाटतो, पण स्वतःच्या मित्रापुढं एक सुचत नाही. मी चहा न पिताच उठलो.

हा लेख मी इथंच अर्धवट टाकला होता. मग मागच्या आठवड्यात सकाळी मालनवहिनी माझ्या ओसरीवर आल्या. एकट्या. खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, भाऊजी, ती पिसं काढा. मला कळेना. वहिनी, तुम्ही? त्यांनी माळेला हात लावला, ती पदराआड घेतली, आणि कोंबडीचं पीस हातात धरलं. सरांना माशा बांधताना बघितलेलं सगळं मी सांगत गेलो आणि त्या दोरा गुंडाळत गेल्या. शिवणकामाचा हात, पण दोरा पुन्हा पुन्हा सुटत होता, आणि चेहरा असा की आता रडतील. माशी झाली ती वेडीवाकडी, एका अंगाला कलंडलेली. वहिनींनी हौदावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानं घरी गेल्या. मी काठी घेऊन मागोमाग गेलो.

सरांनी ती माशी तळहातावर घेतली. कुणी बांधली हे त्यांना सांगावं लागलं नाही, वहिनींच्या केसांतून अजून पाणी निथळत होतं. ते उठले.

आम्ही तिघं तलावावर गेलो. वहिनींनी सरांचं कोपर बांधलं, मी दोर ओवला. सरांनी फेकला, तो पायाशीच गोळा होऊन पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तसाच. मी दुसरीकडं बघत होतो. तिसऱ्यांदा काठीच हातातून गळून पाण्यात पडली आणि सर तिथंच, चिखलात, मटकन खाली बसले. मासा लागला नाही. लागेल असंही काही दिसत नव्हतं. आजन्म माशाला न शिवलेल्या वहिनी नऊवारीसकट पाण्यात उतरल्या, काठी उचलून आणली, पदरानं पुसली, आणि सरांना म्हणाल्या,

"उठा. उद्या येऊ."

सर वहिनींकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येऊ."

तेव्हा शंभर वर्षांचं मागणं मी मागत नाही, सरांनी मला तशी मनाईच केली आहे. निरोगी आयुष्य मागायलाही फार उशीर झाला. या ग्रंथाच्या वाचकांनी माझ्यासोबत देवकते सरांसाठी एवढंच मागावं, की मालनवहिनी उद्या म्हणतील तेव्हा उद्या असावा, आणि त्या हे म्हणायच्या कधी थांबू नयेत.