साहेबांचा गेट पास आणि कान्हाचं गेट

"ये तो फैक्ट्री का है," गेटवरची वनरक्षक मुलगी म्हणाली आणि साहेबांचा गेट पास तिनं परत केला.

कान्हाच्या जंगलाचं गेट, सकाळची सफारी, उघड्या जिप्सीत सहा जण. साहेब म्हणजे भिलाईच्या एका कारखान्यातले डीजीएम. शेजारी त्यांची ऐंशीची आई. मागे कारखान्यात त्यांच्याच शॉपमधला, म्हणजे खात्यातला, ज्युनिअर वानखेडे आणि आणखी तिघं. टूरवाला मी, खाली उभा. तीस वर्षं त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेट पास अन् हजेरी बघितली, रिटायर झाल्यावर भिलाईतच पावर हाउस भागात टूरचं दुकान टाकलं.

सफारीचा नियम साधा आहे. बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर द्याल, तेच ओरिजिनल गेटवर दाखवायचं. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटोही नाही. मी सगळ्यांना आधार मागितलं होतं. साहेबांनी पासपोर्टचा नंबर पाठवला. म्हणाले, आधार काय, कोणाकडेही असतं! पासपोर्ट राहिला बँकेच्या लॉकरमध्ये, आणि साहेब गळ्यात गेट पास अडकवून जंगलात आले.

आदल्या संध्याकाळी लॉजवर पाणी गरम नव्हतं, तर म्हणाले, "शिफ्ट इनचार्ज को बुलाओ." मॅनेजर बिचारा कढई उतरवून आला, स्वयंपाकीही तोच होता. त्यानं घाबरून गेट पासची झेरॉक्स ठेवून घेतली. मी तिथंच उभा होतो. ओरिजिनल आणलं का, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. तीस वर्षं या माणसाला आम्ही कधी पास विचारला नव्हता.

"कोणी हलायचं नाही," साहेब म्हणाले. "मी वनखात्याच्या डीएफओशी बोलतो." फोनला रेंज नव्हती. ते हात वर करून रेंज शोधत राहिले. बाकीच्या जिप्स्या आत गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, आता दहा मिनिटांत एंट्री बंद.

आईनं मला जवळ बोलावलं. "भाऊ, लहानपनी आमच्या गावात वाघ यायचा. गाय नेली त्यानं आमची. कुडाच्या आडून त्याले आयकलं हाय मी, पायलं नाही कधी. आता डोये हाय तवरक पाहून घेतो म्हटलं."

मला साहेबांचा राग आला. त्याहून जास्त माझा.

"साहेब, खाली उतरा."

"काय?"

"तुमी उतरा. बाकीच्यायले जाऊ द्या."

आवाज माझाच होता, पण ओळखीचा नव्हता.

"वानखेडे, सांग याला, मी कोण आहे ते."

वानखेडे आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "सर, गेट बंद होऊन राहिलं."

"उतर ना बाबू," आई म्हणाली. "वाघ का तुया गेट पास पायते?"

साहेब उतरले. वनरक्षक मुलीनं यादीतल्या त्यांच्या नावापुढं फुली मारली आणि गेटचा आडवा बांबू वर केला.

मग आम्ही दोघं लॉजच्या व्हरांड्यात पोहे खात बसलो. समोर माकडं. तासभरानं साहेब एकच वाक्य बोलले, "तुमच्याकडे टूरचं लायसन्स आहे ना?" आहे म्हटलं. पोहे चांगले होते.

दहाच्या पुढं जिप्सी परत आली. आईला हात धरून उतरवलं.

"दिसला?" साहेबांनी विचारलं.

"दिसला ना. रस्त्यातच बसला होता. आमच्याकडं पायलं, अन् उठून गेला." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "उगाच भेलो रे मी त्याले येवढी वर्सं."

साहेब वानखेडेला बाजूला घेऊन गेले. दुपारपर्यंत कारखान्याच्या ग्रुपवर वानखेडेनं काढलेला वाघाचा फोटो आला, साहेबांच्या नावानं. पहिला अंगठा वानखेडेचा.

आता पावर हाउसहून गाडी सुटायच्या आधी मी प्रत्येकाचं ओरिजिनल हातात घेऊन बघतो. सुरुवात सगळ्यात मोठ्या साहेबापासून करतो. टाइम ऑफिसात मला याच कामाचा पगार मिळत होता.