अ‍ॅम्प्लिफायरची खातेनिहाय चौकशी

इकडे उत्तरेत, बबीन्याच्या छावणीतल्या एका फौजी साहेबाची बदली झाली, तेव्हा आमच्या यांनी त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला. आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे दोन जाड बटणं, एक डाव्या स्पीकरच्या आवाजाचं, एक उजव्याच्या. हे रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. हाताखाली माणसं उरली नव्हती, हे एवढं खोकं होतं.

खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा माझ्याकडे. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र लांबून फूल वाहायचं, पाण्याचा थेंब नको, असा यांचा हुकूम होता. शिलाई मशीनला हळदकुंकू, इस्त्रीला हळदकुंकू आणि एवढ्या थोरल्या खोक्याला नुसतं फूल? मला काही ते बरं वाटेना. हे आंघोळीला गेल्यावर मी दोन्ही बटणांना ओलं हळदकुंकू लावलं. डाव्याला बेताचं लागलं, उजव्यापाशी भक्ती अनावर झाली आणि ओघळ बटणामागे गेला. दिसलं तेवढं पुसून मी साळसूदपणे नैवेद्याच्या मागे लागले.

दोन दिवस उजवा स्पीकर खरखरला. तिसऱ्या दिवशी मुका झाला.

रेल्वेत बिघाड झाला की आधी जबाब घेतात आणि मग हातात स्क्रू पिळायचा पेचकस. यांनी घरातही तेच केलं. सासूबाई म्हणाल्या, "मला दोन्हीकडून सारखंच कमी ऐकू येतं." दूधवाल्यालाही सोडलं नाही. तो बिचारा कान पकडून म्हणाला, "हमने तौ छुई नइयाँ, बाबूजी." हातसुद्धा लावला नाही म्हणे. मी म्हटलं, "मी त्याची धूळसुद्धा झटकत नाही." हे अगदी खरं होतं.

मग तपास. यांनी स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहिल्या. आता डावा स्पीकर मुका झाला, म्हणजे स्पीकर निर्दोष. रेकॉर्ड प्लेअरच्या तारा उलटसुलट केल्या, तरी बिघाड जागचा हलला नाही. म्हणजे आरोपी अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच. झाकण उघडून हे बराच वेळ बघत बसले. गेल्या महिन्यात उजव्या बाजूचा एक कंडेन्सर त्यांनी स्वतः बदलला होता.

अकराच्या चहाला म्हणाले, "मीच बिघडवला. सोल्डरिंगचा डाग नीट बसला नसणार. हात थरथरतो माझा हल्ली. सदर बाजारातल्या दुकानदाराला देऊन टाकतो आणि पेचकसही देतो."

तोवर मला मजा वाटत होती. आता ती मजा संपली. चाळीस वर्षं तारा जोडत आलेला माणूस माझ्यामुळे आपल्याच हातांना दोष देत होता. मी सगळं सांगून टाकलं, भक्तीसकट.

यांनी कप खाली ठेवला. चेहरा एकदम साहेबाचा.

"बयान बदला जा रहा है?"

"जी, साहब," मी म्हटलं.

बटण उपसलं तर मागे लालपिवळी खपली. प्लग काढलेलाच होता. स्टोव्हचं स्पिरिट यांनी कानाच्या ड्रॉपरनं आत सोडलं आणि बटणाची दांडी इकडून तिकडे फिरवत बसले. दुपारभर वाळू दिलं. संध्याकाळी रेकॉर्ड लावली आणि दोन्ही स्पीकर एकदम बोलले. "हाताचा दोष नव्हताच," असं हे सासूबाईंना दोनदा मोठ्यानं सांगून आले. त्यांचा फुललेला चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की पुढचा टोमणा मी गिळला.

मग प्लग काढून हे झाकण बसवायला लागले. पहिलाच स्क्रू बोटांतून निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो जमिनीवर पडला, तेव्हा मी उचलला आणि मीच लावला.

"स्क्रूच मेला गुळगुळीत झालाय," मी म्हटलं. स्क्रूचे आटे चांगले शाबूत होते.

"हो ना," हे म्हणाले आणि पुढचा स्क्रू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.